दृष्टांतकुशल उपदेशक चार्ल्स स्पर्जन

रविवारची उपासना चाललेली असावी, बाहेर ऊन चढत असावे, पाळकसाहेबांचा उपदेश तिसऱ्या मुद्द्यावर आलेला असावा आणि मागच्या बाकांवरील मुलांचे डोळे हळूहळू मिटू लागलेले असावेत. इतक्यात व्यासपीठावरून एखाद्या गोष्टीचा आरंभ ऐकू यावा. कोणी एक शेतकरी होता, किंवा कोणी एक विधवा होती, एवढे शब्द कानी पडताच मिटलेले डोळे उघडतात, वाकलेल्या माना वर होतात आणि वडील मंडळीही सावरून बसतात. हा चमत्कार आमच्या वाचकांपैकी कोणी पाहिला नाही?

परंतु गोष्टीने माणूस जागा झाला म्हणजे उपदेशकाचे काम झाले, असे मात्र नाही. आम्ही शिक्षकाच्या धंद्यात नवीन होतो तेव्हाची हकीकत आहे. रविवारच्या शाळेत आम्ही एका इमानी कुत्र्याची गोष्ट मोठ्या रसाने सांगितली. पुढील रविवारी वर्गास प्रश्न केले. कुत्र्याचे नाव, त्याचा रंग आणि त्याच्या गळ्यातील पट्टा सर्वांस पाठ होता. पण ज्या शास्त्रवचनासाठी ती गोष्ट सांगितली होती, ते एकासही आठवेना. दोष मुलांचा नव्हता, आमचा होता. उपदेशात गोष्ट कशासाठी सांगावी व कशी सांगावी, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात राहिला. पुढे एका थोर पुरुषाचे चरित्र वाचताना त्याचे उत्तर आम्हांस सापडले. तेच चरित्र ह्या वर्षी आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या आईबापांपुढे ठेवीत आहो.

चार्ल्स हॅडन स्पर्जन ह्यांचा जन्म ता. १९ जून १८३४ रोजी इंग्लंडातील एसेक्स परगण्यात केल्व्हेडन ह्या गावी झाला. वडील जॉन व आजोबा जेम्स हे दोघेही उपदेशक होते. चार्ल्स अगदी लहान असतानाच त्यास स्टॅमबोर्न गावी आजोबांच्या घरी पाठविण्यात आले व बाळपणाची पहिली काही वर्षे त्याने तेथेच घालविली. आजोबांनी त्या एकाच खेड्यातील मंडळीची सेवा पन्नासांहून अधिक वर्षे केली. त्यांच्या जुन्या घरात एक अंधारी खोली होती. त्या काळी इंग्लंडात खिडक्यांवर सरकारी पट्टी बसत असे. जितक्या खिडक्या अधिक, तितका कर अधिक. कर चुकविण्यासाठी लोक खिडक्या बुजवून टाकीत व आपल्याच घरात अंधार करून राहत. हा विलक्षण कर १८५१ साली उठला. आजोबांच्या घरातील त्या अंधाऱ्या खोलीत जुन्या प्युरिटन पंडितांचे जाडजूड ग्रंथ पडून होते. लहानगा चार्ल्स ते ओढून उजेडात आणी आणि तासन् तास चाळीत बसे. जॉन बन्यनचा जो ग्रंथ मराठीत यात्रिकक्रमण ह्या नावाने प्रसिद्ध झाला, तो त्यास येथेच प्रथम भेटला. बन्यनने धर्मातील गहन सत्ये एका वाटसरूच्या कथेत घालून सांगितली आहेत. त्या ग्रंथाची पारायणे चार्ल्सने आयुष्यात शंभराहून अधिक वेळा केली. बुजविलेल्या खिडक्यांची ती खोली वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचे प्रयोजन पुढे पडणार आहे.

आजीने नातवास सांगितले होते की, आयझॅक वॉट्सचे एक गीत पाठ केल्यास एक पेनी मिळेल. नातू इतक्या झपाट्याने गीते पाठ करू लागला की, आजीस भाव उतरवून अर्ध्या पेनीवर व पुढे पाव पेनीवर आणावा लागला. इतक्यात आजोबांच्या घरात उंदीर फार झाले व त्यांनी डझन उंदरांस एक शिलिंग असे बक्षीस लावले. अर्थात उंदरांचा व्यापार अधिक किफायतशीर ठरला! तथापि उंदरांचे पैसे केव्हाच खर्च झाले आणि गीते मात्र जन्मभर उपयोगी पडली, असे ते पुढे मौजेने सांगत.

दुसरा प्रसंग पाटीवरच्या पेन्सिलीचा. चार्ल्स एका बाईंच्या शाळेत जात असे आणि पेन्सिली वारंवार हरवीत असे. घरी मागण्याचे धैर्य होईना, हाती पैसा नाही. नाताळात कोणी तरी काही देईलच, असा हिशेब करून त्याने दुकानातून एक पेन्सिल उधार आणली. कर्ज अवघे पाव पेनीचे. पण घेतल्या क्षणापासून ते मुलाच्या मनास टोचू लागले. वडिलांस ही गोष्ट कळली. आज पाव पेनी, उद्या रुपया आणि परवा घरदार, असे कर्ज कसे वाढत जाते हे त्यांनी अशा रीतीने समजाविले की, चार्ल्स रडत रडत दुकानाकडे चालू लागला. सारे गाव आपल्याकडे पाहत आहे असे त्यास वाटत होते. देणे फिटले, आणि पिंजऱ्यातून सुटलेल्या पाखराप्रमाणे त्याचे मन हलके झाले. १८६९ साली त्यांनी जॉन नांगऱ्या ह्या कल्पित शेतकऱ्याच्या तोंडून साध्या माणसांसाठी एक पुस्तक लिहिले. त्यात कर्जाविषयी लिहिताना त्यांनी कोणा राजाची कथा शोधली नाही. हीच पाव पेनीची कथा सांगितली. पुस्तकाच्या लक्षावधी प्रती खपल्या. आपली स्वतःची फजिती दुसऱ्याच्या हितासाठी सांगणे ही थोर मनाची खूण होय.

पंधरा वर्षांचा झाल्यावर चार्ल्सच्या मनास मोठी अशांतता लागली. बाप व आजोबा उपदेशक, घरात ग्रंथांची रेलचेल; तरी आपल्या पापांचे ओझे त्यास उतरविता येईना. तो देवळामागून देऊळ हिंडू लागला. १८५० च्या जानेवारी महिन्यात एका रविवारी कोल्चेस्टर शहरात बर्फाचे वादळ झाले. नेहमीच्या मंदिरापर्यंत जाणे अशक्य झाले म्हणून तो वाटेतल्या एका लहानशा मेथॉडिस्ट मंदिरात शिरला. आत दहापंधरा माणसे. नेमलेला उपदेशक बर्फामुळे आलाच नव्हता. शेवटी एक कृश मनुष्य उठला. चांभार किंवा शिंपी असावा. तो विद्वान नव्हता. यशयाच्या ४५ व्या अध्यायात देवाकडे वळून पाहणाऱ्यास तारणाचे अभिवचन आहे, तेवढेच वचन तो फिरवून फिरवून सांगत राहिला. पाहण्यास विद्या लागत नाही, धन लागत नाही, मूलही पाहू शकते, हा त्याचा सारा उपदेश. मग त्याची दृष्टी सज्जाखाली बसलेल्या ह्या अनोळखी मुलाकडे गेली. तू फार दुःखी दिसतोस, ख्रिस्ताकडे पाहा, असे त्याने भर सभेत त्यास सांगितले. तोवर ते वचन सर्वांचे होते; त्या क्षणी ते चार्ल्सचे झाले. त्याच्या मनात उजेड पडला. त्याच वर्षी मे महिन्यात त्याने आयलहॅम येथे लार्क नदीत बाप्तिस्मा घेतला.

पुढे तो केंब्रिज येथे एका शाळेत साहाय्यक शिक्षक झाला. एके दिवशी त्यास टेव्हरशॅम खेड्यातील सभेस एका तरुणाबरोबर जाण्यास सांगण्यात आले. सोबतीच उपदेश करणार असे त्यास वाटले, आणि सोबत्यास वाटत होते की चार्ल्स करणार! खरा प्रकार वाटेत उघड झाला. अशा रीतीने सोळाव्या वर्षी, एका झोपडीत, शेतमजुरांपुढे त्याने पहिला उपदेश केला. १८५१ साली वॉटरबीच गावच्या लहान मंडळीने त्यास पाळक नेमले. उच्च शिक्षणासाठी पाठशाळेत जावे असे वडिलांस वाटत होते. तेथील प्राचार्यांची भेटही ठरली. पण चाकरमाणसाच्या चुकीने दोघांस एकाच घराच्या दोन निरनिराळ्या खोल्यांत बसविण्यात आले. एकमेकांची वाट पाहून दोघेही निघून गेले आणि स्पर्जनांचे पाठशाळेत जाणे राहिले ते कायमचे.

१८५३ च्या डिसेंबरात लंडनच्या न्यू पार्क स्ट्रीट मंदिरात उपदेश करण्यास त्यांस बोलावणे आले. बाराशे माणसांची जागा, पण बहुतेक बाके रिकामी. व्यासपीठावर एकोणीस वर्षांचा खेडवळ तरुण, वाढलेले केस, आणि हातात निळ्या रंगाचा, पांढऱ्या ठिपक्यांचा मोठा रुमाल. सभेत बसलेल्या एका तरुणीचे लक्ष उपदेशापेक्षा त्या रुमालाकडेच अधिक गेले, असे तिनेच पुढे लिहून ठेवले आहे. दोन वर्षांनी, म्हणजे जानेवारी १८५६ मध्ये, तीच सुझाना थॉम्प्सन त्यांची पत्नी झाली. रुमालाचे हसू लवकरच थांबले. १८५४ साली ते त्या मंडळीचे पाळक झाले आणि थोड्याच महिन्यांत मंदिरात उभे राहण्यासही जागा उरेना.

लोक का येत? त्या काळी पुष्कळ उपदेशक व्यासपीठावर निबंध वाचीत. भाषा उत्तम, विचार खोल; पण बाकावरील हमाल, मोलकरीण व दुकानदार ह्यांस त्यातले काही कळत नसे. ते उपदेश म्हणजे खिडक्या बुजविलेली खोलीच. आत भांडार मोठे, पण अंधार. स्पर्जनांनी तेच भांडार उघडले आणि त्यास खिडक्या पाडल्या. रस्ता, बाजार, शेत व स्वयंपाकघर ह्यांतून ते दाखले आणीत. प्रतिष्ठितांस हे रुचले नाही. वर्तमानपत्रांनी त्यांस गावंढळ म्हटले, विदूषक म्हटले, त्यांची व्यंगचित्रे छापली. तेव्हा त्यांच्या पत्नीने मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील, निंदा सोसणारे धन्य होत ह्या अर्थाची वचने मोठ्या अक्षरांत चौकटीत घालून घरी टांगली. पुढे गुलामगिरीचा उघड निषेध केल्याबद्दल अमेरिकेच्या दक्षिण भागात त्यांची छापील प्रवचने जाळण्यातही आली. तरी ते मागे सरले नाहीत.

परंतु निंदेहून भयंकर प्रसंग यावयाचा होता. ता. १९ ऑक्टोबर १८५६ च्या रात्री सरे गार्डन्स येथील प्रचंड सभागृहात हजारो लोक जमले असता कोणी तरी आग लागल्याची खोटी आरोळी ठोकली. जिन्यांवर चेंगराचेंगरी झाली, सात माणसे मेली व पुष्कळ जखमी झाली. बावीस वर्षांचे स्पर्जन जागीच खचले. आपल्या शब्दांस लोक जमतात ह्याचा आनंद एका रात्रीत विष झाला. दोन आठवड्यांनी ते पुन्हा व्यासपीठावर उभे राहिले, तथापि त्या रात्रीची सावली त्यांच्या मनावरून पुरती कधीच गेली नाही. मनाच्या उदासीनतेशी त्यांस आयुष्यभर झगडावे लागले. त्यांच्या विनोदाकडे बोट दाखविणाऱ्यांस हे ठाऊक नसे.

पुढील वर्षी, ता. ७ ऑक्टोबर १८५७ रोजी, हिंदुस्थानातील उठावानिमित्त इंग्लंडात उपवासाचा दिवस पाळण्यात आला, तेव्हा क्रिस्टल पॅलेस येथे त्यांनी २३,६५४ श्रोत्यांपुढे उपदेश केला. ध्वनिवर्धक यंत्र अर्थातच नव्हते. त्या दिवशी त्यांनी उठाव करणाऱ्या शिपायांस कठोर शासन व्हावे असे मत मांडले. आम्हां भारतीयांस ते पटणारे नाही, आणि ते लपविण्याचेही कारण नाही. इतरांसाठी खिडक्या पाडणाऱ्याचीही एखादी खिडकी एकाच बाजूस उघडत असते. थोरांची चरित्रे वाचताना हेही शिकावे.

१८६१ साली लंडनमध्ये त्यांच्या मंडळीचे मेट्रोपोलिटन टॅबर्नॅकल हे पाच हजारांहून अधिक माणसांचे मंदिर उघडले. तेथे पुढील तीस वर्षे त्यांनी सेवा केली. त्यांच्या दाखल्याचा एक मासला देतो. १८८६ साली निघालेल्या एका पुस्तकाच्या आरंभी त्यांनी ही गोष्ट घातली आहे. एका पाळकास कळले की, आपल्या मंडळीतील एक गरीब बाई घरभाड्यावाचून अडली आहे. तो पैसे घेऊन तिच्या दारी गेला. त्याने पुष्कळ वेळा दार ठोठावले, पण उत्तर मिळेना. शेवटी तो परत गेला. पुढे बाई मंदिरात भेटली, तेव्हा त्याने विचारले. ती म्हणाली की, ठोठावणे ऐकू आले होते. परंतु घरमालक भाडे मागण्यास आला असे समजून आपण गप्प राहिलो. गोष्ट एवढीच. देव आपल्या दारी काही मागण्यास आला आहे असे समजून मनुष्य कडी लावून बसतो. तो तर द्यावयास आलेला असतो. ख्रिस्ती कृपेवर मोठमोठे ग्रंथ झाले आहेत. पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कोणत्याही माणसास ह्या चार वाक्यांत जे कळते, ते त्या ग्रंथांतून कळेलच असे नाही.

ही कला त्यांनी स्वतःपुरती ठेविली नाही. ज्यांस पैशाअभावी किंवा शिक्षणाअभावी इतरत्र प्रवेश नव्हता, अशा तरुणांसाठी त्यांनी १८५६ साली उपदेशकांची पाठशाळा काढली व तिच्यातून आपल्या हयातीत आठशेंहून अधिक सेवक तयार केले. स्वतः पाठशाळेचे तोंड न पाहिलेला मनुष्य पाठशाळेचा संस्थापक झाला! शुक्रवारी दुपारी ते विद्यार्थ्यांशी मोकळेपणे बोलत. सतराव्या शतकातील टॉमस फुलर ह्या लेखकाने युक्तिवादांस उपदेशाचे खांब व दृष्टांतांस त्याच्या खिडक्या म्हटले आहे; स्पर्जनांनी ही उपमा उचलली व तिचा विस्तार केला. खिडकीचे पहिले काम उजेड आत घेणे. म्हणून जेथे अंधार असेल तेथेच ती पाडावी. नुसत्या खिडक्यांचे घर उभे राहत नाही. तसेच ती रंगीत चित्रांनी मढवू नये. पाहणाऱ्याची नजर काचेवर खिळली, तर बाहेरचा प्रकाश वाया गेला. हा भाग वाचला तेव्हा आम्हांस आमच्या कुत्र्याच्या गळ्यातील पट्टा आठवला आणि लाज वाटली.

दाखले आणावे कोठून, अशी एकदा विद्यार्थ्यांनी अडचण सांगितली. तेव्हा ते म्हणाले की, डोळे उघडे असतील, तर एका चरबीच्या मेणबत्तीतून सहा महिने पुरतील इतके दाखले निघतील. कोणास हे खरे वाटेना. मग त्यांनी नाना प्रकारच्या मेणबत्त्या जमविल्या व त्यांवर व्याख्यानच रचले. न पेटविलेल्या मेणबत्त्यांची पेटी म्हणजे वापरात न आणलेली देणगी. मापाखाली झाकलेली मेणबत्ती म्हणजे लपविलेली श्रद्धा. दोन्ही टोकांनी जळणारी म्हणजे उधळ्या माणसाचे आयुष्य. ही व्याख्याने १८९० च्या सुमारास पुस्तकरूपाने निघाली. विद्यार्थ्यांनी ह्यातून एवढे घ्यावे की, दृष्टांत पुस्तकाच्या कपाटात नसतात, तर पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असतात.

आता शेवटची एक आठवण. एका विधवा बाईने दिलेल्या वीस हजार पौंडांच्या देणगीतून १८६७ साली स्टॉकवेल येथे त्यांचे अनाथगृह सुरू झाले. मुलांस गणवेश नसे. आपण अनाथ आहो असा शिक्का त्यांच्या अंगावर दिसू नये, हा हेतु. एके दिवशी स्पर्जनसाहेब तेथे बसले असता एक लहान मुलगा त्यांच्याजवळ आला व बोलू लागला, असे सांगतात. तो म्हणाला, समजा, एक मुलगा आहे. त्यास आईबाप नाहीत आणि तो अनाथगृहात राहतो. इतर मुलांच्या मावश्या व मामा भेटीस येतात, फळे आणतात, पैसे देतात. पण ह्या मुलाचे कोणीच येत नाही. तर कोणी तरी त्यास काही द्यावे, असे आपणांस नाही का वाटत? आणि मग हळूच त्याने सांगितले की, तो मुलगा मीच. स्पर्जनांचे डोळे भरून आले व मुलाच्या हातात नाणे पडले, हे सांगणे नकोच.

पवित्र शास्त्रात नाथान संदेष्ट्याने दावीद राजास गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगितली व शेवटी तो मनुष्य तूच असे म्हणून राजास जागे केले. ह्या अनाथ मुलाने नाथानाचीच रीत धरली; फक्त बोट स्वतःकडे वळविले. हजारोंस दृष्टांत शिकविणाऱ्या गुरूस त्या दिवशी एका मुलाने दृष्टांत कसा संपवावा हे शिकविले. गोष्टीतील कोणी एक मनुष्य दूरचा राहतो तोवर ती करमणूक होय. तो मीच, असे ऐकणाऱ्यास उमगले म्हणजे ती उपदेश होते. कोल्चेस्टरच्या त्या बर्फाच्या दिवशी पंधरा वर्षांच्या चार्ल्सच्या बाबतीत घडले ते हेच नव्हे काय?

पुढील वर्षे आजाराची व वादांची गेली. सत्य सैल होत आहे असे वाटून १८८७ साली त्यांनी बॅप्टिस्ट संघ सोडला, आणि त्यामुळे जुने स्नेही दुरावले. संधिवाताने शरीर खिळखिळे झाले. ता. ३१ जानेवारी १८९२ रोजी फ्रान्स देशातील मेन्तों येथे, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. १८५५ पासून दर आठवड्यास निघणारी त्यांची छापील प्रवचने मृत्यूनंतरही निघत राहिली, ती १९१७ साली महायुद्धात कागद मिळेनासा झाला तेव्हा थांबली. त्यांतील एक जीर्ण प्रत आफ्रिकेत वारलेल्या डॉ. लिव्हिंग्स्टन ह्यांच्या सामानात सापडली. तिच्यावर त्या प्रवाशाने पसंतीचा शेरा मारलेला होता.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी उपदेशक होतील, कोणी शिक्षक, कोणी वकील, आणि पुष्कळ जण पुढे आईबाप होऊन मुलांस चार गोष्टी सांगतील. त्या सर्वांस आमची एवढीच विनंती आहे. गोष्ट सांगा, पण खरी सांगा आणि थोडक्यात सांगा. आईबापांनीही आपल्या पाव पेनीच्या कथा मुलांपासून लपवू नयेत. वडिलांच्या चुकीची एक खरी हकीकत मुलाच्या मनात शंभर ताकिदींपेक्षा अधिक काळ टिकते. आम्ही त्या जुन्या वर्गापुढे पुन्हा उभे राहू शकत नाही. परंतु हल्ली रविवारच्या शाळेत गोष्ट सुरू करण्यापूर्वी ही खिडकी कोणत्या अंधारासाठी पाडीत आहो, हे आम्ही आधी स्वतःस विचारतो. आणि उत्तर मिळाले नाही, तर गोष्ट कितीही गोड असो, ती त्या दिवसापुरती खिशात ठेवून देतो.